पित्ताशयात खडे, दोनदा कळ येऊन गेली: काढायचं की थांबायचं?

प्रश्न तासगावजवळच्या एका गावातून आलाय. आईचं वय ५४, चार वर्षांपासून शुगरची गोळी चालू. गेल्या तीन महिन्यांत दोनदा रात्री पोटात कळ आली, दोन्ही वेळा काही तास राहिली. दुसऱ्या वेळी पहाटे दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यावं लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, सगळ्यात मोठा ११ मिलिमीटरचा. सांगलीतल्या सर्जननी पित्ताशय काढायला सांगितलंय. मामा म्हणतात, त्यांच्या ओळखीत एकाचं काढलं तेव्हापासून त्याचं पोट कायमचं बिघडलंय. शेजारी पानफुटीची पानं द्या म्हणतात. आणि आईंचं म्हणणं, द्राक्षबागेची ऑक्टोबरची छाटणी होऊ दे, माल उतरू दे, मार्चनंतर बघू. मुलानं विचारलंय: एवढं थांबलं तर चालेल का, औषधानं खडे विरघळतील का, आणि काढल्यावर आई पहिल्यासारखी जेवेल-राबेल का?

मी सांगली-मिरज भागात सर्जन आहे आणि हे ऑपरेशन माझ्या रोजच्या कामातलं आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तुम्ही दिलेल्या माहितीवर. शेवटचा निर्णय त्यांच्या पोटावर हात ठेवलेल्या डॉक्टरांचाच.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पोटात खडे आहेत म्हणून ऑपरेशन, असं गणित नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे सापडले, असे पेशंट माझ्याकडे सतत येतात. त्यांतल्या बहुतेकांना मी काहीही न करता परत पाठवतो. ज्या खड्यांनी कधी त्रास दिलेला नाही, ते पुढेही शांत राहण्याचीच शक्यता जास्त. वर्षाला शंभरातल्या दोन-तीन जणांनाच त्रास सुरू होतो. अपवाद आहेत: तीन सेंटीमीटरहून मोठा खडा, खड्यासोबत पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब), पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं. अशांना त्रास नसतानाही आम्ही काढायला सांगतो. नुसती शुगर आहे एवढ्यावरून शांत खड्यांचं ऑपरेशन पूर्वी सुचवलं जायचं, आता तसं करत नाहीत.

तुमच्या आईंचे खडे मात्र शांत राहिलेले दिसत नाहीत. 'दिसत नाहीत' असं जपून म्हणतोय, कारण सगळा निर्णय इथेच अडतो: रात्रीची ती कळ खरोखर खड्याची होती का?

मी पेशंटला पहिल्यांदा हेच विचारतो की कळ कुठं येते ते हातानं दाखवा. खड्याची कळ असेल तर हात बहुतेक वेळा छातीच्या हाडाखाली किंवा उजव्या बरगडीखाली जातो, आणि मग तोच हात मागं उजव्या खांद्याच्या पात्याकडे वळतो. कळ चढत जाते, अर्धा तास ते चार-पाच तास एकसारखी टिकते, कूस बदलून किंवा ढेकर देऊन सुटत नाही. सोबत मळमळ, उलटी. बरेचदा रात्री, आणि बरेचदा जड जेवणानंतर. आखाडात मटणाच्या पंगती झाल्या की आमच्याकडे असे पेशंट वाढतात, हे इथल्या कुठल्याही सर्जनला विचारा. याउलट कुणी सगळ्या पोटावर तळहात गोल फिरवून 'इथं गच्च होतं, गॅस धरतो, सकाळी पोट साफ होत नाही, आंबट पाणी वर येतं' असं सांगितलं, तर खडे असोत वा नसोत, तो त्रास खड्याचा नसण्याची शक्यता जास्त. असं पित्ताशय काढलं तर खडे जातात आणि गॅस तिथंच राहतो.

मामांच्या ओळखीतल्या गृहस्थांचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. पण 'ऑपरेशन केलं आणि पोट बिघडलं ते बिघडलंच' असं सांगणाऱ्यांना खोदून विचारलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्रास ऑपरेशनच्या आधीपासूनचा असतो. ज्यांची कळ अस्सल असते ते पेशंट टाके दाखवायला येतात तेव्हा खूश असतात.

आईंच्या बाबतीत दोन्ही वेळा रात्र, दोन्ही वेळा कळ काही तास, एकदा तर इंजेक्शनशिवाय सुटलीच नाही. वर्णन जुळतंय. तरी वय ५४ आणि शुगर म्हटल्यावर मी एक ईसीजी काढायला लावीन. शुगरच्या पेशंटमध्ये हृदयाचं दुखणं कधीकधी पोटाच्या वरच्या भागात येतं, आणि हातात खड्याचा रिपोर्ट असला की सगळ्यांचं लक्ष खड्याकडेच जातं.

आता रिपोर्टकडे. खड्याचा आकार वाचून लोक घाबरतात. '११ एमएम म्हणजे फार मोठा ना?' मला उलट बारीक खड्यांची काळजी जास्त वाटते. मोठा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो, दुखवतो, सूज आणतो. बारीक खडे त्या तोंडातून निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरतात. तिथं अडकले तर कावीळ, त्यात जंतुसंसर्ग झाला तर थंडी वाजून ताप, आणि नलिकेच्या खालच्या टोकाशी स्वादुपिंडाची वाट अडली तर स्वादुपिंडाला सूज. ही शेवटची गोष्ट साधी नाही. पेशंट आयसीयूत जाऊ शकतो, क्वचित दगावतोही. तुमच्या रिपोर्टमध्ये 'बरेच खडे, सगळ्यात मोठा ११' असं आहे, म्हणजे बाकीचे लहान आहेत. म्हणून रिपोर्टमधल्या दुसऱ्या दोन ओळी शोधा: पित्ताशयाची भिंत किती जाड आहे, आणि 'सीबीडी' किती मिलिमीटर आहे. सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका. ती साधारण सहा मिलिमीटरच्या आत असेल आणि रक्तातल्या लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल असतील, तर खडा खाली उतरलेला नसावा असं धरून चालतो. नलिका फुगलेली असेल किंवा बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) वाढलेलं असेल, तर आधी एमआरसीपी हा स्कॅन करतात. नलिकेत खडा दिसला तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढायचा, त्याला ईआरसीपी म्हणतात, आणि मग पित्ताशय. हा क्रम चुकवून चालत नाही.

औषधाचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. पानफुटी, कुळथाचं कढण हे लोक मूतखड्यावर घेतात. तो खडा मूत्रमार्गातला, लघवीच्या वाटेनं बाहेर पडणारा. पित्ताशयाची ती वाटच नाही. तिथला खडा हलला तर जातो पित्तनलिकेत, आणि तो तिथं जाऊ नये हीच तर आपली धडपड. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या खऱ्याखुऱ्या आहेत, पण त्या चालतात लहान, कॅल्शियम नसलेल्या, निव्वळ कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षं घ्यायच्या, आणि विरघळलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांत पुन्हा खडे. ऑपरेशनला शरीर अजिबातच झेपणार नसेल अशा एखाद्याला मी त्या देतो. आईंना देणार नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पडले' म्हणून हिरव्या गोळ्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात. ते त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. तसले पेशंट पुन्हा सोनोग्राफीला आले की खडे आहेत तिथंच सापडतात.

'नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का?' हे प्रत्येक घरातलं कुणीतरी विचारतंच. पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केलं. त्यांचा मुद्दा आजही तोच आहे: पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, ते खडे तयार करतं म्हणून. खडे काढून पिशवी ठेवली तर ती पुन्हा तेच करणार. त्यानंतर शंभर वर्षं हे ऑपरेशन मोठा छेद घेऊन व्हायचं, आणि ज्या जुन्या पेशंटची पोटावरची तिरकी लांब खूण बघून लोक घाबरतात ते त्या काळातले. दुर्बिणीनं हे ऑपरेशन भारतात पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केलं. आता तालुक्याच्या गावीही होतं. चार बारीक छिद्रं, पूर्ण भूल, तास-दीड तास, संध्याकाळी पेशंट उठून चालतो, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी.

धोका नाही असं मी कुणाला सांगत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्त गळणं हे क्वचित होतं. ज्याची आम्हाला खरी धास्ती असते ते म्हणजे मुख्य पित्तनलिकेला इजा. साधारण हजारात तीन ते पाच जणांत ती होते, आणि झाली तर पुढचं मोठं ऑपरेशन लागू शकतं. ती टाळायची म्हणून सर्जन काहीही कापायच्या आधी पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी मोकळी करून, दोनच गोष्टी पित्ताशयाकडे जातायत हे डोळ्यांनी पाहतो. जुनी सूज असेल, सगळं चिकटलेलं असेल तर हे दिसत नाही. मग शहाणा सर्जन छेद घेऊन ऑपरेशन उघडं करतो, किंवा पित्ताशयाचा थोडा भाग ठेवून बाहेर पडतो. 'दुर्बिणीनं सांगितलं आणि फाडलं' म्हणून नातेवाईक चिडतात. मला विचाराल तर जो सर्जन आधीच 'गरज पडली तर उघडीन' असं सांगतो, त्याच्याकडे मी माझ्या घरचं माणूस नेईन.

थांबण्याचा मुद्दाही इथंच येतो. प्रत्येक कळेनंतर पित्ताशयाला थोडी सूज येते, थोडं चिकटतं. आज जे तासाभरात सुटसुटीत होतं, तेच चार वेळा सुजलेल्या पित्ताशयात अवघड होतं. दोनदा कळ येऊन गेली म्हणजे पुढच्या काही महिन्यांत पुन्हा येण्याची शक्यता बरीच आहे, आणि पुढची वेळ नुसती कळ असेल की सूज, की स्वादुपिंड, हे कुणी सांगू शकत नाही. शुगर असलेल्यांत सुजलेलं पित्ताशय लवकर सडतं, दुखणं मात्र त्या मानानं कमी जाणवतं. जत भागातल्या एक बाई वर्षभर 'गॅस आहे' म्हणून खायचा सोडा घेत होत्या. शेवटी आल्या त्या डोळे पिवळे घेऊन आणि थंडीनं कुडकुडत. आधी ईआरसीपी, मग जंतुसंसर्ग आटोक्यात आणायला ॲडमिट, मग पित्ताशय. दोन दिवसांच्या कामाला तीन आठवडे आणि खर्च कित्येक पट. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा सगळा हंगाम त्यातच गेला.

म्हणून मार्चपर्यंत थांबायला मी सांगणार नाही. तुम्ही लिहिलंय ऑगस्टमध्ये. आत्ता शुगर नीट करून सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं, तर ऑक्टोबरच्या छाटणीला आई बागेत उभ्या असतील. आणि जानेवारी-फेब्रुवारीत, माल उतरवायला व्यापारी दारात असताना त्यांना मिरजेला पळवायची वेळ आली, तर बागेचं नुकसान जास्त. हे त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. माझ्या अनुभवात आया आपल्या दुखण्यासाठी तयार होत नाहीत, बागेसाठी होतात.

ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत एवढं सांभाळा: तेलकट, तर्रीदार, तळलेलं बंद, पण उपाशीही ठेवू नका. जास्त वेळ पोट रिकामं राहिलं की पित्ताशयात पित्त साचून घट्ट होतं, आणि महिन्यात आठ-दहा किलो वजन उतरवण्याच्या नादातही खडे वाढतात. आई नवरात्राचे नऊ दिवस धरत असतील तर यंदा उठता-बसता करा म्हणावं. सहा तासांहून जास्त टिकलेली कळ, ताप, डोळे किंवा लघवी पिवळी, थंडी वाजणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. सूज आलेली असेल तर ती औषधांनी शमवून सहा आठवड्यांनी ऑपरेशन करायची जुनी पद्धत होती. आता पेशंटची तब्येत ठीक असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच करणं बरं मानतात.

सर्जनकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नुसती नावं सांगून भागवू नका. शुगरच्या काही नव्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं पॅकेज कुठल्या रुग्णालयात बसतं, ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवून विचारा. मिरजेचं आणि सांगलीचं शासकीय रुग्णालय जवळ आहेच. खासगी विमा नवा असेल तर अटी वाचा, बऱ्याच पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं.

आता नंतरचं. पित्त तयार करतं यकृत, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशयात मावतं ३० ते ५० मिलिलिटर. तुमच्या बागेच्या हिशेबात सांगायचं तर यकृत म्हणजे बोअर आणि पित्ताशय म्हणजे शेततळं. शेततळं नसलं तरी बोअरचं पाणी थेट ड्रिपला जातंच. एकदम मोठा लोंढा सोडता येत नाही, एवढंच. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत एका बैठकीत भरपूर तेल-तूप पोटात गेलं तर जड वाटतं, पातळ होतं. हळूहळू शरीराची सवय बसते.

पहिले दोन दिवस खांदा दुखेल आणि घरचे घाबरतील. पोट फुगवायला जो वायू भरतात त्यानं ते होतं, चाललं-फिरलं की जातं. दोन-तीन आठवडे भाकरी, आमटी, भाजी, ताक, भात, थोडं-थोडं आणि वेळेवर. मग एकेक पदार्थ वाढवत न्यायचा: आधी चमचाभर तूप, मग शेंगदाण्याची चटणी, मग एखाद्या रविवारी मटण, पण दोन फोडी आणि वरची तर्री बाजूला काढून. पोटानं काही म्हटलं नाही तर पुढच्या वेळी जास्त. आयुष्यभर उकडलेलं खावं लागतं ही निव्वळ अफवा आहे. दोन-तीन महिन्यांत बहुतेक जण घरात जे शिजतं तेच खातात, कुठलीही कायमची गोळी लागत नाही.

शंभरातल्या दहाएक जणांना मात्र पातळ शौचाचा त्रास रेंगाळतो, विशेषतः सकाळी पहिलं खाणं झालं की लगेच. साठवायला जागा नसल्यानं पित्त सतत आतड्यात उतरतं आणि मोठ्या आतड्याला चेतवतं. यातले बरेच जण काही महिन्यांत आपोआप बरे होतात. नाही झाले तर इसबगोल, तेल कमी, आणि तरीही भागलं नाही तर पित्तातली आम्लं बांधून ठेवणारी पावडर मिळते, ती डॉक्टर लिहून देतात. गुण चांगला येतो. दुःख एवढंच की लोक वर्षानुवर्षं 'पिशवी काढली, आता असंच राहणार' म्हणून सोसत बसतात आणि विचारायलाच येत नाहीत. मामांच्या ओळखीतल्या त्या गृहस्थांना हे जरूर सांगा. आणि ऑपरेशननंतर पुन्हा तशीच कळ आली किंवा डोळे पिवळे झाले, तर नलिकेत एखादा खडा राहिला असू शकतो. तेव्हा परत जायचं, घरी थांबायचं नाही.

काढलेलं पित्ताशय बायोप्सीला जातंय ना, ते विचारून घ्या आणि तो रिपोर्ट न विसरता आणा. पित्ताशयाचा कॅन्सर आपल्या भागात उत्तरेतल्या गंगेकाठच्या राज्यांइतका नाही, पण क्वचित याच रिपोर्टमध्ये पहिल्यांदा कळतो. खडे बघायचे असतील तर सर्जन लहान बाटलीत घालून देतात. पिवळे-तपकिरी, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. आईंना ती बाटली दाखवा, नंतर ती गल्लीभर फिरणारच आहे.

कामाचं. आठवड्यात घरातलं हलकं काम, दोन आठवड्यांत बागेत फेरी, मजुरांवर देखरेख, बसून निवडणं-टिपणं सगळं चालेल. दुर्बिणीचं बेंबीपाशी जे छिद्र असतं तिथं हर्निया होऊ नये म्हणून सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची घागर, खताचं पोतं, पाठीवरचा फवारणी पंप, द्राक्षाचा भरलेला क्रेट, यांतलं काहीच नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं तर ही मुदत छाटणीच्या दिवसांतच संपते, आणि क्रेट उचलायची वेळ त्यानंतर तीन महिन्यांनी येते.